आधी इंजेक्शन आलं, मोजमाप मागून आलं

आजची गोष्ट लघवीपासून सुरू होते. तोंडाला पदर लावून हसलात तरी चालेल, पण रेडिओचा आवाज कमी करू नका. मूल राहत नाही म्हणून तालुक्याच्या, जिल्ह्याच्या दवाखान्यात बाया जी इंजेक्शनं घेतात, त्यांतलं औषध कितीतरी वर्षं बायकांच्याच लघवीतून काढलं जात होतं. काही इंजेक्शनं आजही तशीच बनतात. आणि तेच औषध जास्त झालं तर काय होतं, हेही बायकांच्याच शरीरावर कळलं.

या विषयावर आमच्याकडे गटांतून एकच प्रश्न फिरून फिरून येतो. एक दिवसाआड सोनोग्राफी, मधूनच रक्त, पुन्हा सोनोग्राफी, ही काय पैसे काढायची युक्ती आहे का? एखादी फेरी चुकवली तर काय बिघडतं? प्रश्न रास्त आहे. एसटीचं भाडं, बुडालेली रोजी, घरी म्हातारी माणसं, शिवाय 'हिचं दवाखान्याचं काही संपतच नाही' हे ऐकून घ्यायचं ते वेगळंच. पण याचं खरं उत्तर इतिहासात आहे, म्हणून जरा शंभर वर्षं मागे जाऊ.

१९२७-२८ च्या सुमारास जर्मनीत बर्लिनला सेल्मार आश्हाइम आणि बर्नहार्ड झोंडेक नावाच्या दोन डॉक्टरांनी एक प्रयोग केला. बाईची लघवी त्यांनी वयात न आलेल्या उंदरांच्या माद्यांना टोचली. ती बाई गरोदर असेल, तर चार-पाच दिवसांत त्या पिल्लांची अंडाशयं फुगायची, त्यांवर लाल ठिपके दिसायचे. गरोदरपण ओळखण्याची ही पहिली भरवशाची तपासणी. आज आशाताई दोन रेघांची पट्टी देते, तिची ही पणजी म्हणा. पट्टी आणि उंदीर, दोन्ही शोधतात ती वस्तू एकच. गर्भ रुजला की वार जे संप्रेरक तयार करते ते. डॉक्टर त्याला एचसीजी म्हणतात. हे नाव लक्षात ठेवा, गोष्टीत ते पुढे पुन्हा येणार आहे.

या प्रयोगावरून एक मोठी गोष्ट कळली. अंडाशय आपल्या मनानं चालत नाही, त्याला वरून हुकूम येतो. मेंदूच्या खाली हरभऱ्याएवढी एक ग्रंथी आहे, तिला पीयूष ग्रंथी म्हणतात. तिथून एफएसएच आणि एलएच ही दोन संप्रेरकं रक्तात सुटतात. दर पाळीला अंडाशयात पाण्याच्या फोडासारख्या बारीक पिशव्या वाढायला लागतात. प्रत्येकीत एक स्त्रीबीज. डॉक्टर तिला फॉलिकल म्हणतात, आपण सरळ 'अंडं' म्हणतो. सुरुवातीला बऱ्याच असतात. मग एफएसएच थोडं कमी होतं, आणि त्या कमी खुराकावरही जी टिकते ती एकटी मोठी होते, बाकीच्या सुकून जातात. म्हणून माणसाला बहुधा एका वेळी एकच मूल होतं. शेवटी एलएच एकदम उसळतं आणि ते अंडं फुटतं. शरीराचा हा हिशोब फार बारीक आहे, आणि पुढची सगळी गोष्ट या हिशोबात हात घातल्याची आहे.

ज्या बाईला वरून हुकूमच येत नाही तिला तो बाहेरून द्यायचा, हा विचार सरळ होता. पण आणायचा कुठून? १९३० मध्ये गाभण घोडीच्या रक्तात तसलं संप्रेरक सापडलं. ते बायकांना टोचलं गेलं. काहींची अंडी फुटलीही. पण घोडीचं औषध माणसाचं शरीर परकं म्हणून ओळखायचं आणि त्याच्याविरुद्ध लढायचं, मग ते लागू पडेनासं व्हायचं. दुसरी गोष्ट जास्त वाईट होती. १९४० च्या दशकातच अशा उपचारानंतर अंडाशय भलतंच फुगल्याच्या, पोटात पाणी झाल्याच्या नोंदी डॉक्टरांनी छापल्या. नोंद झाली, औषध मात्र चालूच राहिलं. किती द्यायचं हे ठरवायला हाताशी काहीच नव्हतं. बाईला पोटात काय वाटतं ते विचारायचं आणि हातानं पोट चाचपायचं, एवढीच तपासणी.

१९५८ मध्ये स्वीडनच्या कार्ल गेमझेल यांनी दुसरी वाट काढली. मेलेल्या माणसांच्या पीयूष ग्रंथीतून त्यांनी एफएसएच काढलं. माणसाचंच असल्यामुळे ते लागू पडलं, आणि इतकं लागू पडलं की जुळी, तिळी, त्याहून जास्त मुलं व्हायला लागली. १९६५ मध्ये न्यूझीलंडमधल्या ऑकलंड शहरात संप्रेरकाच्या उपचारानंतर एका बाईला पाच मुलं झाली. वर्तमानपत्रांनी आनंदाची बातमी केली. एका वेळी पाच जीव पोटात वाढवणं त्या आईला किती धोक्याचं होतं, ते बातमीत कमीच आलं. मृत माणसांच्या ग्रंथींचं हे औषध ऑस्ट्रेलियात सरकारी कार्यक्रमातून दिलं जायचं. १९८५ मध्ये ते बंद करावं लागलं, कारण काही ग्रंथींतून मेंदूचा एक जीवघेणा रोग पुढे जात असल्याचं उघड झालं. मूल व्हावं म्हणून टोचून घेतलेल्या काही बाया त्या रोगानं बऱ्याच वर्षांनी गेल्या.

आता लघवीकडे येऊ. पाळी गेलेल्या बाईला आपल्याकडे 'आता हिचं काय उरलंय' असं सहज म्हणतात. प्रत्यक्षात तिच्या रक्तात एफएसएच तरुणपणापेक्षा कितीतरी जास्त असतं. अंडाशय उत्तर देत नाही म्हणून मेंदू जास्त जोरात हाका मारतो, आणि ते संप्रेरक लघवीवाटे वाया जातं. १९४९ मध्ये रोममधल्या सेरोनो कंपनीतले रसायनतज्ज्ञ पिएरो दोनिनी यांनी ते लघवीतून गाळून काढलं. पण घेतो कोण? कित्येक वर्षं ते कपाटात पडून राहिलं. मग ब्रुनो लुनेनफेल्ड नावाचा तरुण डॉक्टर त्यांना येऊन मिळाला. लहानपणी हिटलरच्या माणसांपासून वाचण्यासाठी व्हिएन्ना सोडलेला हा मुलगा पुढे इस्रायलमध्ये काम करत होता. त्याला औषध पाहिजे होतं, आणि औषधाला पाहिजे होती पाळी गेलेल्या शेकडो बायांची रोजची लघवी. त्यात एकही गरोदर बाई चालणार नव्हती, कारण तिच्या लघवीत ते एचसीजी असतं आणि सगळा माल बिघडला असता.

अशा बाया एका छपराखाली कुठे मिळणार? ख्रिस्ती मठांत. कंपनीच्या संचालक मंडळावर त्या वेळच्या पोपचे पुतणे होते. त्यांच्या ओळखीनं म्हाताऱ्या जोगिणींच्या वृद्धाश्रमांची दारं उघडली आणि तिथून लघवी गोळा करून टँकरनं कारखान्यात जाऊ लागली. एका बाईच्या एका उपचाराला दहा जोगिणींची दहा दिवसांची लघवी लागायची, असं लुनेनफेल्ड पुढे सांगत. औषधाचं नाव पेर्गोनल. १९६२ मध्ये इस्रायलमध्ये या उपचारातून पहिली मुलगी जन्मली. ज्या बायांनी जन्मभर लग्न केलं नाही, मूल जन्माला घातलं नाही, त्यांच्यामुळे जगभर पाळणे हलले. त्यांची नावं कुठल्या पाटीवर नाहीत.

औषध मिळालं. वापरही वाढला. आणि मग तो त्रास पुन्हा दिसू लागला, या वेळी जास्त जणींना.

तो त्रास नेमका काय, ते इथे थांबून सांगतो. रोज इंजेक्शन दिलं की एफएसएच कमी होतच नाही. मग एक सोडून दहा-वीस पिशव्या वाढतात. टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात काही पिशव्या वाढाव्यात अशीच डॉक्टरांची इच्छा असते, म्हणजे चार-सहा बीजं हाताला लागतील. पण काही जणींचं अंडाशय फारच हळवं असतं. विशेषतः तरुण, सडपातळ, आणि पीसीओडी असलेल्या बायांचं. तिथे पिशव्यांचा घडच लागतो. त्यावर 'अंडं फुटायचं' शेवटचं इंजेक्शन दिलं, की खरा धोका सुरू होतो. हे इंजेक्शन म्हणजे आपलं तेच एचसीजी. त्याचा असर शरीरात आठवडाभर टिकतो. फुगलेल्या अंडाशयातून असे पदार्थ सुटतात की रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल होतात, आणि नव्या माठातून पाणी झिरपावं तसं रक्तातलं पाणी पोटात झिरपतं. बाहेरून पोट टम्म दिसतं, आतून बाई कोरडी पडत असते. रक्त घट्ट होतं. लघवी कमी होते. छातीतही पाणी साठलं तर धाप लागते. घट्ट रक्ताची गुठळी झाली तर पाय, फुप्फुस, मेंदू, कुठेही घात होऊ शकतो. १९६५ मध्ये इस्रायलमधल्या डॉक्टरांनी, त्यांत स्वतः लुनेनफेल्डही होते, अशा गुठळ्यांविषयी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं. आपल्याच औषधाचा धोका त्यांनी स्वतः मांडला, ही आम्हाला महत्त्वाची गोष्ट वाटते. दोन वर्षांनी त्याच गटानं या त्रासाच्या पायऱ्या ठरवल्या: सौम्य, मध्यम, तीव्र. डॉक्टर याला ओएचएसएस म्हणतात. कागदावर ही चार इंग्रजी अक्षरं दिसली तर अर्थ हाच, की इंजेक्शनानं अंडाशय अती चेतलं.

सौम्य त्रास, म्हणजे थोडं फुगणं, थोडं दुखणं, बऱ्याच जणींना होतो आणि आपोआप बसतो. तीव्र त्रास शंभरात एखाद-दुसरीला होतो. हे आकडे घाबरवायला सांगत नाही. पण तुमच्या तालुक्यात शंभर जणी उपचार घेत असतील तर ती एखादी कोण, हे आधी कसं ओळखायचं? इथे मोजमापाचा इतिहास सुरू होतो.

जेम्स ब्राऊन हे मूळचे न्यूझीलंडचे. स्कॉटलंडमध्ये एडिंबरा इथे काम करताना १९५५ मध्ये त्यांनी लघवीतलं इस्ट्रोजेन मोजण्याची रीत काढली. वाढणारी प्रत्येक पिशवी इस्ट्रोजेन तयार करते. म्हणजे इस्ट्रोजेन किती, हे कळलं की पिशव्या किती आणि कशा वाढतायत याचा अंदाज येतो. बाईनं चोवीस तासांची सगळी लघवी बाटलीत साठवायची आणि प्रयोगशाळेत पोचवायची. सुरुवातीला उत्तर यायला दिवस लागायचे, तोवर अंडाशय पुढे निघून गेलेलं असायचं. ब्राऊन पुढे ऑस्ट्रेलियात मेलबर्नला गेले आणि १९६८ मध्ये त्यांच्या गटानं झटपट रीत तयार केली. आता सकाळी लघवी दिली की त्या दिवशीचा डोस ठरवता येऊ लागला. आपल्याला साधी वाटते, पण मोठी क्रांती होती ती. रोज इंजेक्शन देण्याआधी बाईच्या शरीराला विचारायचं, की कालचं कसं झालं?

ब्राऊन यांनी त्या बाटल्यांतून आणखी एक गोष्ट शिकून घेतली. प्रत्येक बाईचा एक उंबरठा असतो. त्याच्या खाली औषध दिलं तर काहीच होत नाही, आठ-आठ दिवस वाया जातात. उंबरठा थोडासाच ओलांडला की एखादी पिशवी वाढते. आणि थोडासाच जास्त ओलांडला की एकदम पुष्कळ. कमी आणि जास्त यांच्यामधली जागा एवढी अरुंद. शेजारणीला जेवढं इंजेक्शन मानवलं तेवढंच आपल्यालाही मानवेल, असं यात चालत नाही. अगदी त्याच बाईचंही मागच्या खेपेचं माप या खेपेला चुकू शकतं.

लघवीच्या बाटल्या मागे पडल्या त्या आणखी एका शोधामुळे, आणि त्यामागे एक बाई आहे. रोझलिन यॅलो, न्यूयॉर्कच्या, शिक्षणानं भौतिकशास्त्रज्ञ. माजी सैनिकांच्या एका इस्पितळात सोलोमन बर्सन या डॉक्टरांबरोबर काम करताना १९५९-६० मध्ये त्यांनी रक्ताच्या थेंबांतलं अतिशय सूक्ष्म संप्रेरक मोजण्याची रीत शोधली. आधी मोजलं ते इन्सुलिन. मग इतरांनी त्याच रीतीनं इस्ट्रोजेन, एफएसएच, एलएच सगळंच मोजलं. त्या रीतीचं पेटंट त्यांनी घेतलं नाही. १९७७ मध्ये यॅलो यांना नोबेल पारितोषिक मिळालं, बर्सन तोवर गेले होते. आज तुमच्या रक्ताच्या अहवालावर 'ई-टू' म्हणून जो आकडा येतो, तो मोजण्याची वाट यांनी घालून दिली. (सुनेच्या शिक्षणाला 'काय उपयोग' म्हणणाऱ्या सासूबाई ऐकत असतील तर ही ओळ पुन्हा ऐकवा.)

दुसरा डोळा सोनोग्राफीचा. महाराष्ट्रात सोनोग्राफी म्हटलं की आपल्याला मुलगा-मुलगी बघणंच आठवतं, आणि ते साहजिक आहे. त्याविरुद्ध देशात पहिला कायदा १९८८ मध्ये आपल्याच राज्यानं केला. पण यंत्राचं हेही एक काम आहे. १९७० च्या दशकात डॉक्टरांना पडद्यावर पिशव्या दिसू लागल्या, आणि त्या दशकाच्या अखेरीस पिशवीची मापं आणि रक्तातलं संप्रेरक यांची सांगड घातली गेली. पिशवी साधारण अठरा-वीस मिलिमीटरची झाली की बीज तयार, हे तेव्हापासून. रक्त सांगतं एकूण किती चेतलंय. सोनोग्राफी सांगते पिशव्या किती आहेत आणि केवढ्या आहेत. एकानं भागत नाही असं पुष्कळांचं मत, सोनोग्राफी नीट केली तर बहुतेकींना तेवढी पुरते असंही काहींचं मत. त्यामुळे रक्त कमी वेळा काढलं म्हणून डॉक्टर निष्काळजी, असं लगेच म्हणू नका. सोनोग्राफीच केली नाही आणि इंजेक्शनं मात्र चालू ठेवली, तर जरूर विचारा.

आता एक गंमत ऐका. जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी, इंग्लंडची लुईस ब्राऊन, २५ जुलै १९७८ ला जन्मली. तिच्या आईला अंडी वाढवायचं एकही इंजेक्शन त्या खेपेला दिलेलं नव्हतं. रॉबर्ट एडवर्ड्स, पॅट्रिक स्टेपटो आणि त्यांच्या सहकारी, पेशानं परिचारिका असलेल्या जीन पर्डी, यांनी आधी अनेक बायांवर इंजेक्शनं वापरून पाहिली होती. गर्भ टिकत नव्हता. शेवटी त्यांनी औषध सोडलं आणि नुसतं मोजायचं ठरवलं. बायांची लघवी दर तीन तासांनी, रात्रीसुद्धा, तपासायची. एलएच उसळलं की तास मोजायचे आणि ते एकच बीज काढायचं, मग पहाट असो की मध्यरात्र. म्हणजे पहिलं यश औषधाच्या जोरावर मिळालेलंच नव्हतं. ते पाळत ठेवून मिळालं.

त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नातून भारतातली पहिली टेस्ट ट्यूब मुलगी जन्मली, दुर्गा या नावानं आपण तिला ओळखतो. त्यांनी लघवीतून काढलेली संप्रेरकं देऊन एकाहून जास्त बीजं मिळवली, गर्भ गोठवला आणि लगेच न ठेवता पुढच्या पाळीनंतर आईच्या पिशवीत ठेवला. सरकारी समितीनं त्यांना खोटं ठरवलं, त्यांना परदेशी जाऊन बोलू दिलं नाही. १९ जून १९८१ ला त्यांनी आत्महत्या केली. पाच वर्षांनी, ६ ऑगस्ट १९८६ ला, मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि शास्त्रज्ञ डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या कामातून मूल जन्मलं आणि ते पहिलं म्हणून गाजलं. पुढे मुखोपाध्यायांच्या वह्या वाचून, आपण पहिले नव्हतो, ते पहिले होते, असं १९९७ मध्ये जाहीरपणे लिहिणारे हेच आनंद कुमार. असा मोठेपणा क्वचित दिसतो.

आमच्या गोष्टीशी याचा संबंध असा, की गर्भ गोठवून नंतर ठेवायचा, ही मुखोपाध्यायांची चाल आज ओएचएसएस टाळण्याचं एक मोठं हत्यार झाली आहे. कारण बघा. शेवटच्या इंजेक्शनातलं एचसीजी आठवड्यात ओसरतं. पण त्याच पाळीत गर्भ ठेवला आणि तो रुजला, तर वार स्वतःच एचसीजी बनवायला लागते, आणि ओसरत आलेला त्रास पुन्हा भडकतो, कधी कधी आधीपेक्षा जास्त. ज्या बातमीची घर वर्षानुवर्षं वाट बघत होतं, त्याच बातमीनं बाई अत्यवस्थ होऊ शकते. म्हणून ज्यांच्या पिशव्या फार वाढल्यात, त्यांचे गर्भ गोठवून महिना-दोन महिन्यांनी ठेवतात. १९९० च्या सुमारास एचसीजीऐवजी दुसरं, लवकर ओसरणारं 'ट्रिगर'ही आलं. ते सगळ्यांना देता येत नाही, उपचाराची पद्धत तशी असावी लागते. १९९५ पासून प्रयोगशाळेत पेशींकडून बनवलेलं एफएसएच बाजारात आलं आणि लघवीवरचा भार कमी झाला. औषध शुद्ध झालं, धोका मात्र तोच राहिला, कारण धोका लघवीचा नव्हताच.

आणि सगळ्यात जुना उपाय म्हणजे थांबणं. पिशव्या भलत्याच वाढल्या असतील तर शेवटचं इंजेक्शनच द्यायचं नाही, ती खेप सोडून द्यायची. १९६० च्या दशकापासून समजूतदार डॉक्टर हे करत आले. पण यात बाईचा पैसा जातो, महिना जातो, डोळ्यांत पाणी येतं, आणि घरी जाऊन सांगायचं काय हा प्रश्न. डॉक्टरवरही दडपण येतं. आम्हाला वाटतं, 'या खेपेला थांबू' म्हणणारा डॉक्टर नापास झालेला नसतो. घरच्यांना हे उपचार सुरू व्हायच्या आधी सांगून ठेवलं, तर त्या दिवशी बाई एकटी पडत नाही.

हे सगळं मोजमाप मूल हवं असलेल्या बाईसाठी आहे. जी बाई दुसरीसाठी बीज देते तिचं काय? तिला गर्भ नको असतो, तिला बहुधा पैसे हवे असतात. २०१० मध्ये मुंबईत बीज दिल्यानंतर दोन दिवसांनी एक मुलगी मेली. तिचं वय १७ होतं. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. सतरा वर्षांच्या मुलीला त्या टेबलावर कुणी नेलं, तिचं वय कुणी काय लिहिलं, हे प्रश्न आम्हाला तिच्या आजाराच्या नावाइतकेच मोठे वाटतात.

२०२१ मध्ये केंद्राचा कायदा आला. बीज देणारी बाई २३ ते ३५ वर्षांची असावी. आयुष्यात एकदाच द्यावं. तिच्याकडून सातपेक्षा जास्त बीजं काढू नयेत. ज्यांच्यासाठी ती देते त्यांनी तिचा बारा महिन्यांचा विमा काढावा. दवाखाना नोंदणीकृत असावा आणि तिची लेखी संमती असावी. सात या आकड्यावर काही डॉक्टरांचा आक्षेप आहे, की वाढलेल्या बाकीच्या पिशव्यांचं करायचं काय? आक्षेप खरा असेल. पण आकडा पाळायचा तर औषधच बेतानं द्यावं लागेल, हेही तितकंच खरं. तुमच्या भागात कुणी 'आठ दिवस इंजेक्शन, मग हातात रोख' असं सांगत फिरत असेल, तर त्या बाईला तिसऱ्यांदा नेणारा माणूस कायदा मोडतोय, दुसऱ्यांदा नेणाराही.

आता उपचार घेणाऱ्या मैत्रिणींसाठी कामाचं. पीसीओडी असेल, आधी कधी इंजेक्शनानंतर पोट फुगलं असेल, तर पहिल्याच भेटीत सांगा. साध्या गोळ्यांवर तीव्र त्रास क्वचित होतो, इंजेक्शनावर लक्ष जास्त लागतं. शेवटचं इंजेक्शन कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणतं, हे वहीत लिहून घ्या. त्यानंतर रोज सकाळी वजन करा, काटा अंगणवाडीत असतोच. बेंबीवरून टेपनं किंवा दोरीनं पोट मोजा. दिवसात किलोभर वजन वाढलं, लघवी फारच कमी आणि गडद झाली, उलट्या थांबेनात, आडवं पडल्यावर धाप लागली, पाय सुजून दुखू लागला, किंवा एका बाजूला अचानक कळ आली, तर रात्र असली तरी निघा. शेवटच्या इंजेक्शननंतरचा पहिला आठवडा जपायचा, आणि दिवस राहिले असतील तर पुढचे दोन-तीन आठवडेसुद्धा.

त्या दिवसांत हंडा, उसाची मोळी, गवताचा भारा नको, फुगलेलं अंडाशय पीळ खाऊ शकतं. पोट चोळून घेऊ नका, मग चोळणारी कितीही अनुभवी असो. लघवी होण्याची गोळी किंवा दुखण्याची कुठलीही गोळी दुकानातून आणून घेऊ नका. पोट भरलंय म्हणून पाणी तोडू नका, तहान लागेल तसं प्या. गावातल्या डॉक्टरकडे किंवा सरकारी दवाखान्यात जावं लागलं, तर 'पोट दुखतंय' एवढंच न सांगता 'मी मूल होण्याची इंजेक्शनं घेतली आहेत' हे पहिलं वाक्य सांगा. लाजेनं हे वाक्य गिळलं जातं आणि अॅसिडिटीची गोळी घेऊन बाई घरी परत येते. ती वही सोबत न्या. जाताना घरचं कुणी नसेल तर गटातल्या एकीला घेऊन जा.